क्लाऊडमधील माहितीसाठ्यावर पहारा

७ सप्टेंबर २०१८ रोजी मॅरियट या हॉटेल कंपनीच्या एका डेटाबेसला कोणीतरी अगदी साधा प्रश्न विचारला. पाहुण्यांच्या माहितीच्या तक्त्यात एकूण ओळी किती, एवढेच विचारणाऱ्याला हवे होते. त्याने एकही नाव अथवा पारपत्राचा क्रमांक मागितला नव्हता. परंतु त्या डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्या आयबीएमच्या ‘गार्डियम’ या प्रणालीला हा प्रश्न वावगा वाटला आणि तिने इशारा दिला. दुसऱ्या दिवशी तो मॅरियटच्या तंत्रज्ञान विभागापर्यंत पोहोचला. ज्या प्रशासकाच्या खात्यातून प्रश्न गेला होता, त्याने तो विचारलेलाच नव्हता. तपास सुरू झाला आणि जे उघडकीस आले ते धक्कादायक होते. मॅरियटने २०१६ मध्ये विकत घेतलेल्या स्टारवूड या हॉटेलसमूहाच्या आरक्षण यंत्रणेत जुलै २०१४ पासून, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, परके लोक मोकळेपणाने वावरत होते. कंपनीच्या नंतरच्या हिशेबानुसार जास्तीत जास्त ३८ कोटी ३० लाख पाहुण्यांच्या नोंदींना धोका पोहोचला. त्यांत सांकेतिक रूपात न ठेवलेले सुमारे ५२ लाख ५० हजार पारपत्र क्रमांक होते.

ओळी मोजण्याचा प्रश्न खटकण्याजोगा का ठरावा? आरक्षणाचे सॉफ्टवेअर दिवसाकाठी लाखो प्रश्न विचारते. पण ते एका पाहुण्याविषयी, एका खोलीविषयी, एका तारखेविषयी असतात. संपूर्ण तक्ता केवढा आहे याचे कुतूहल यंत्राला नसते. ते माणसाला असते आणि बहुधा गोणी किती मोठी आणावी लागेल याचा अंदाज घेणाऱ्या माणसाला असते. डेटाबेसच्या वापराची तपासणी आणि तिच्यावर आधारलेली इशारा-व्यवस्था ही संपूर्ण विद्या या एका निरीक्षणावर उभी आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मॅरियटला १ कोटी ८४ लाख पौंडांचा दंड ठोठावला. त्या निर्णयात विशेषाधिकार असलेल्या खात्यांवर आणि डेटाबेसवर पुरेशी देखरेख नसल्याचे स्पष्टपणे नोंदविले आहे. इशाऱ्याची सोय पेमेंट कार्डांची माहिती असलेल्या तक्त्यांपुरतीच करण्यात आली होती. जिथे पारपत्रे होती तिथे घंटाच बांधलेली नव्हती. चोराने अखेरीस कार्डांच्या तक्त्याला हात लावला म्हणून तो सापडला.

फेरफार आणि वाचन

ऑडिट या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला लेखापरीक्षण असा चटकन कळतो. परंतु हिशेबाचे परीक्षण आणि डेटाबेसचे परीक्षण यांत एक मूलभूत भेद आहे. हिशेबात बदल महत्त्वाचा असतो. गावच्या तलाठ्याकडील फेरफार नोंदवही हे त्याचे जुने उदाहरण. जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली हे गाव नमुना सहामध्ये नोंदले जाते. मात्र सातबारा कोणी नुसता उघडून पाहिला, याची नोंद त्यात सापडायची नाही. १ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तारखेसह, बंद न करता येणारी नोंद ठेवणे सक्तीचे झाले. त्यातही भर बदलावरच आहे.

माहितीच्या चोरीत मात्र मूळ वस्तू जागच्या जागी राहते. एक अक्षरही बदलत नाही, एकही ओळ कमी होत नाही. चोराने फक्त वाचलेले असते. त्यामुळे वाचनाची नोंद नसेल तर चोरी झाली हे सिद्ध करता येत नाही आणि झाली नाही हेही सिद्ध करता येत नाही. दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी आहे; कारण नेमके किती लोकांचे काय गेले हे सांगता न आल्याने कंपनीला सर्वांचे सर्व गेले असे धरून चालावे लागते. अर्थात वाचनाची नोंद ठेवणे खर्चिकही असते. बदल शेकड्यांनी होत असतील तर वाचन लाखांनी होते आणि साहजिकच पहिली काटकसर तिथेच केली जाते.

क्लाऊडमुळे काय बदलले

पूर्वी डेटाबेस कचेरीतल्या एका थंड खोलीत असे. त्या खोलीला कुलूप असे आणि बाहेरील जगाशी तिचा संबंध मोजक्याच तारांतून येत असे. क्लाऊडमध्ये ती खोली भाड्याची असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, तर गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाऊड केंद्रे सुरू केली. त्यानंतर भारतातील असंख्य कंपन्यांचे माहितीसाठे या भाड्याच्या खोल्यांत गेले. इमारतीची, विजेची आणि यंत्रांची जबाबदारी भाडे घेणाऱ्याची. पण आत कोणाला सोडायचे, किल्ल्या कोणाकडे द्यायच्या आणि ये-जा नोंदवायची की नाही, हे भाडेकरूनेच ठरवायचे असते. करारात हे स्वच्छ लिहिलेले असूनही ‘ती सगळी काळजी क्लाऊडवाले घेतात’ हा समज कमालीचा चिवट आहे.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. क्लाऊडमधील डेटाबेसला एक नव्हे, दोन दरवाजे असतात. पहिल्यातून माणूस किंवा सॉफ्टवेअर डेटाबेसला प्रश्न विचारते. त्याची नोंद स्वतः डेटाबेस ठेवू शकतो. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजीऑडिट’ नावाची जोडणी त्यासाठी वापरतात. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्या स्वतःच्या ऑडिट सोयी आहेत. दुसरा दरवाजा व्यवस्थापनाचा. संपूर्ण डेटाबेसची एका क्षणाची प्रत, जिला स्नॅपशॉट म्हणतात, काढणे, ती प्रत दुसऱ्याच्या खात्याला वापरू देणे, पासवर्ड बदलणे, डेटाबेस इंटरनेटला खुला करणे, ही कामे या दरवाजातून होतात. एखाद्याने अशी प्रत काढून आपल्या खात्यात नेली आणि निवांत उघडली, तर मूळ डेटाबेसच्या नोंदवहीत एकही ओळ उमटत नाही, कारण त्याला कोणी काही विचारलेलेच नसते. ती खूण केवळ क्लाऊडच्या व्यवस्थापकीय नोंदींत मिळते. त्यामुळे डेटाबेसचे ऑडिट चोख असूनही संपूर्ण साठा मागच्या दाराने जाऊ शकतो. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

काय मूलतः चालू असते आणि काय बंद, हेही पाहण्यासारखे आहे. ॲमेझॉनची ‘क्लाऊडट्रेल’ ही नोंदसेवा २०१३ पासून उपलब्ध आहे. व्यवस्थापकीय घडामोडींचा मागील ९० दिवसांचा इतिहास ती काही न करताही दाखविते. मात्र साठ्यातील एखादी फाइल कोणी वाचली ही नोंद मुद्दाम चालू करावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. गुगलच्या क्लाऊडमध्ये प्रशासकीय बदलांच्या नोंदी बंदच करता येत नाहीत. पण माहिती वाचल्याच्या नोंदी, बिगक्वेरीचा अपवाद वगळता, मूलतः बंद असतात. थोडक्यात, बदलाची वही आयती मिळते आणि वाचनाची वही विकत घ्यावी लागते. अनेक संस्थांना हे चोरी झाल्यानंतर कळते.

नोंद होती, हाक नव्हती

अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेचे २०१९ मधील प्रकरण या संदर्भात वारंवार अभ्यासले जाते. बँकेने आपला मोठा माहितीसाठा ॲमेझॉनच्या क्लाऊडवर नेला होता. मार्च २०१९ मध्ये सिॲटलमधील एका माजी ॲमेझॉन कर्मचाऱ्याने बँकेच्या एका चुकीच्या पद्धतीने बसविलेल्या सुरक्षा-भिंतीचा गैरफायदा घेतला. क्लाऊडमधील प्रत्येक भाड्याच्या यंत्राला एका ठराविक अंतर्गत पत्त्यावर विचारणा करून आपली तात्पुरती किल्ली मिळविता येते. बाहेरच्या माणसाने त्या भिंतीलाच फसवून तिच्याकरवी ही विचारणा करून घेतली आणि भिंतीची किल्ली स्वतःच्या हाती घेतली. पुढे त्या किल्लीने साठ्यांची यादी मागविली गेली आणि मग सातशेहून अधिक साठ्यांतील माहिती उतरवून घेतली गेली.

नोंदीच्या दृष्टीने या घटनेत काय दिसते? चोरलेली किल्ली अस्सल होती. कोठेही ‘पासवर्ड चुकला’ असा शेरा पडला नव्हता. विसंगती होती ती अशी की सुरक्षा-भिंतीचे काम वाहतूक तपासण्याचे असताना तिच्या नावाने बँकेच्या साठ्यांची यादी मागितली जात होती. शिवाय हा वापर बँकेच्या यंत्रांवरून नव्हे, तर आपला पत्ता लपविणाऱ्या जाळ्यांतून होत होता. पहारेकऱ्याने तिजोरीतील दागिन्यांची यादी मागावी, तसा हा प्रकार. या खुणा नोंदींत होत्या; पुढे गुन्ह्याचा माग काढताना त्याच उपयोगी पडल्या. पण त्या वेळी त्यावरून कोणाला हाक गेली नाही. १७ जुलै २०१९ रोजी एका त्रयस्थ व्यक्तीने बँकेला ई-मेल पाठवून तुमची माहिती उघड्यावर पडली आहे असे कळविले, तेव्हा तपासाला सुरुवात झाली. सुमारे चार महिने उलटले होते. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील ६० लाख लोकांची माहिती गेली होती. अमेरिकी बँक-नियामकाने ऑगस्ट २०२० मध्ये बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला. त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ॲमेझॉनने यंत्राने किल्ली मागण्याची अधिक सुरक्षित पद्धत आणली.

इक्विफॅक्स या पतमापन कंपनीची गोष्ट २०१७ ची आणि आणखी विदारक आहे. तिथे जाणारी-येणारी सांकेतिक वाहतूक उलगडून तपासणारे उपकरण होते. पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हाच संपली होती. त्यामुळे उपकरण चालू होते, दिवे लागत होते, आणि तपासणी मात्र होत नव्हती. या काळात हल्लेखोरांनी ४८ डेटाबेसना सुमारे नऊ हजार प्रश्न विचारले. जुलै २०१७ च्या अखेरीस प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद वाहतूक दिसू लागली. तोवर शिरकावाला ७६ दिवस झाले होते. पहारेकरी जागा आहे की नाही हे पाहणारा दुसरा पहारेकरी लागतो, हा धडा सुरक्षा-क्षेत्राने इथे घेतला. नोंदी येणे थांबले, तर त्या थांबण्याचाच इशारा मिळाला पाहिजे. शांतता ही सुखरूपतेची खूण मानणे धोक्याचे.

एका ओळीत काय असावे

कोणी, केव्हा, कोठून, काय विचारले, किती ओळी नेल्या आणि परवानगी मिळाली की नाकारली गेली, एवढे प्रत्येक नोंदीत असणे अपेक्षित आहे. यांतील ‘कोणी’ हे सर्वांत अवघड. बहुतेक संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप डेटाबेसशी एकाच सामाईक खात्याने बोलतात. ग्राहक लाख असोत, डेटाबेसच्या वहीत नाव एकच उमटते. अशा वेळी मूळ ग्राहकाची वा कर्मचाऱ्याची ओळख सॉफ्टवेअरने प्रत्येक प्रश्नासोबत पुढे पाठवावी लागते. त्याहून वाईट स्थिती म्हणजे प्रशासकाचा एकच पासवर्ड पाच-सहा जणांत फिरणे. तिथे नोंद कितीही नेटकी असली तरी ती कोणाकडेच बोट दाखवू शकत नाही. मग चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे प्रसंग ओढवतात.

‘केव्हा’ हे वरकरणी सोपे. पण क्लाऊडच्या नोंदी प्रायः जागतिक प्रमाणवेळेत असतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. वहीत रात्री दोनला झालेला प्रवेश पाहून खळबळ उडते, आणि प्रत्यक्षात तो सकाळी साडेसातला कामावर लवकर आलेल्या कोणा उत्साही कर्मचाऱ्याचा असतो. याउलट वहीतील दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडील रात्रीचे साडेआठ, हे विसरले तर खरा प्रकार नजरेआड होतो.

नोंदवहीत अतिरेकही नको. प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला तर त्यातील खातेक्रमांक, आजाराचे नाव, फोन नंबर वहीत उतरतात आणि संरक्षणासाठी ठेवलेली वहीच चोरीयोग्य ऐवज बनते. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, तो याच कारणाने. एका चुकीमुळे पासवर्ड अंतर्गत नोंदींत उघड्या रूपात लिहिले जात होते.

लांडगा आला रे आला

इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही डेटाबेसवर चुकीच्या पासवर्डाचे प्रयत्न अहोरात्र होतच असतात. जगभरचे यंत्रमानव दारे ठोठावत फिरत असतात. प्रत्येक ठोठावण्यागणिक भ्रमणध्वनी वाजू लागला तर दोन दिवसांत तो आवाज बंद करून ठेवला जातो. फसलेला प्रयत्न हा बहुतेक वेळा कुलूप चोख असल्याचा पुरावा असतो. दखल घ्यायची ती वेगळ्या आकृतिबंधाची. एकाच ठिकाणाहून शंभर वेगवेगळ्या खात्यांवर एकेकदाच प्रयत्न होणे. वीस वेळा चुकल्यावर एकविसाव्या वेळी प्रवेश मिळणे. कधीच न वापरलेले खाते अचानक जागे होणे. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाने प्रवेश होणे. नोंद ठेवण्याची सोय बंद करण्याचा हुकूम येणे. शेवटच्या प्रकाराला तर कोणतीही सबब नसावी.

पुण्याहून प्रवेश केलेले खाते अर्ध्या तासात दुसऱ्या खंडातून वापरले गेले, तर इशारा द्यावा, असा एक नियम प्रचलित आहे. तो तर्काला धरून आहे, पण घरून काम करणाऱ्यांच्या व्हीपीएनमुळे त्याची बोंब फुकट जाण्याचे प्रमाणही बरेच असते. यावर उपाय म्हणून प्रत्येक खात्याचा नेहमीचा परिपाठ आधी काही आठवडे पाहून घेतात: कोणत्या वेळी येते, कोणते तक्ते वाचते, किती ओळी नेते. मग त्या परिपाठापासून ढळणे हाच निकष ठरतो. महिन्याअखेरीस वेतनाचे काम किंवा मार्चअखेरीस हिशेबाची घाई असली की हा परिपाठही मोडतो, त्यामुळे त्याला पंचांगाची जोड द्यावी लागते.

आमिषाची युक्ती त्या मानाने स्वस्त आणि आश्चर्यकारक उपयोगी आहे. डेटाबेसमध्ये एक आकर्षक नावाचा खोटा तक्ता किंवा कोणाच्याच कामाची नसलेली एक खोटी किल्ली ठेवून द्यायची. प्रामाणिक माणसाला तिथे जाण्याचे कारणच नसते. त्यामुळे तिला हात लागला की वाजणारी घंटा सहसा खोटी नसते. मोठ्या यंत्रणा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या संस्थांनी याकडे दुर्लक्ष करावे हे अनाकलनीय आहे.

इशारा मिळाला तरी पुढे काय, हा प्रश्न उरतोच. २०१३ च्या नाताळाच्या हंगामात अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. ‘ब्लूमबर्ग बिझनेसवीक’ने मार्च २०१४ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, चोरांचे सॉफ्टवेअर शिरल्याचा इशारा कंपनीच्या बंगळुरू येथील देखरेख पथकाला वेळेवर मिळाला होता आणि त्यांनी तो मिनियापोलिस येथील मुख्यालयाला कळविलाही होता. मुख्यालयात त्यावर हालचाल झाली नाही. यंत्राने आपले काम केले, रात्रपाळीच्या माणसांनीही केले. साखळीतील पुढची कडी निखळलेली होती.

याच कारणाने प्रत्येक इशाऱ्यासोबत एक नाव, एक फोन आणि पहिल्या पंधरा मिनिटांत करावयाच्या कृती लिहून ठेवण्याची पद्धत रुजली आहे. खाते तात्पुरते गोठवायचे, चालू असलेली जोडणी तोडायची, किल्ली बदलायची, नोंदींची प्रत बाजूला काढायची. यांतील काही कामे यंत्रावर सोपविता येतात. पण आपोआप गोठवण्याचा अधिकार यंत्राला देताना हात आखडता घ्यावा लागतो. रुग्णालयाचा डेटाबेस खोट्या इशाऱ्यावर मध्यरात्री बंद पडला तर त्याची किंमत चोरीपेक्षा जास्त असू शकते. बँकांच्या लुटी सुट्टीच्या तोंडावर होतात हेही विसरून चालत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेवरील ऑगस्ट २०१८ च्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातील एटीएममधून काढलेली मोठी रक्कम ११ ऑगस्टच्या शनिवारी काही तासांत अनेक देशांतून उचलली गेली होती.

किल्ली अस्सल, माणूस तोतया

स्नोफ्लेक ही निव्वळ क्लाऊडवर चालणारी डेटाबेस-सेवा आहे. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिच्या अनेक ग्राहक-कंपन्यांचा साठा चोरीस गेला. मॅन्डियंट या तपास-संस्थेने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार सुमारे १६५ संस्थांना संभाव्य धोक्याची सूचना देण्यात आली. खुद्द स्नोफ्लेकची यंत्रणा फोडल्याचा पुरावा मिळाला नाही. कर्मचाऱ्यांच्या किंवा कंत्राटदारांच्या संगणकांत शिरलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरने पूर्वीच पासवर्ड उचलले होते, काही तर २०२० सालापासूनचे. ते बदललेले नव्हते, दुहेरी पडताळणी नव्हती आणि अमुक ठिकाणांहूनच प्रवेश द्यावा अशी मर्यादाही घातलेली नव्हती. एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या जवळजवळ सर्व मोबाइल ग्राहकांच्या, मुख्यतः मे ते ऑक्टोबर २०२२ या काळातील, कॉल आणि संदेशांच्या नोंदी याच मार्गाने गेल्या.

वास्तविक स्नोफ्लेकमध्ये प्रवेशांचा, विचारलेल्या प्रश्नांचा वर्षभराचा इतिहास ग्राहकाला पाहता येतो. वही होती, आणि बरीच तपशीलवार होती. परंतु ती उघडून पाहण्याचे काम ग्राहकाचे होते. या घटनेनंतर कंपनीने ऑक्टोबर २०२४ पासून उघडल्या जाणाऱ्या नव्या खात्यांत व्यक्तींसाठी दुहेरी पडताळणी मूलतः चालू ठेवण्याचे धोरण स्वीकारले. सुरक्षेची सोय ऐच्छिक ठेवली तर ती घेतली जात नाही, हे एव्हाना पुरेसे सिद्ध झाले असावे.

वहीचे रक्षण

फेब्रुवारी २०१६ मध्ये ढाका येथील बांगलादेश बँकेत व्यवहारांच्या पावत्या छापणारा मुद्रक बंद पडला. मुद्रक बिघडतच असतात, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. प्रत्यक्षात हल्लेखोरांच्या सॉफ्टवेअरने स्विफ्ट प्रणालीच्या डेटाबेसमधील बनावट व्यवहारांच्या नोंदी खोडण्याची आणि छपाईत फेरफार करण्याची तजवीज केलेली होती. १० कोटी १० लाख डॉलर बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून निघून गेले होते. ही घटना क्लाऊडमधील नाही. पण चोर आत आला की त्याची पहिली नजर वहीकडे वळते, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

म्हणूनच नोंदी मूळ डेटाबेसपाशी ठेवत नाहीत. त्या क्लाऊडमधील सर्वस्वी वेगळ्या खात्यात, शक्य तितक्या तत्काळ पाठविल्या जातात. त्या खात्यात डेटाबेसच्या प्रशासकाला लिहिण्याचा वा पुसण्याचा अधिकार नसतो. ठराविक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता येणार नाही असे कुलूप साठ्याला घालता येते. क्लाऊडट्रेल तर दर तासाच्या नोंदींचा गणिती ठसा काढून त्यावर सही करते. एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. प्रशासकावर अविश्वास दाखविल्यासारखे हे वाटू शकते आणि अनेक कचेऱ्यांत त्यावरून नाराजीही होते. परंतु मॅरियटच्या प्रशासकाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवले तर लक्षात येते की त्याच्या नावाने दुसऱ्याने काय केले हे ठरविण्यास अशी वहीच उपयोगी पडते. अर्थात कुंपणानेच शेत खाल्ल्याची उदाहरणेही काही कमी नाहीत.

भारतातील बंधने

संगणक सुरक्षेसंबंधीची केंद्र सरकारची संस्था ‘सर्ट-इन’ हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार विहित प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते. त्यांत अनधिकृत प्रवेश आणि माहितीची गळती यांचा समावेश आहे. सर्व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवणेही अपेक्षित आहे. घड्याळाचा हा नियम वाचताना क्षुल्लक वाटतो. पण दोन यंत्रांतील नोंदी एकमेकींपुढे ठेवून आधी काय घडले आणि नंतर काय, हे लावताना चार मिनिटांचा फरकही निष्पापाला दोषी ठरवू शकतो.

१८० दिवसांची मुदत पुरेशी आहे काय, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. स्टारवूडमधील चोर चार वर्षे आत होते. सहा महिन्यांनी वही रद्दीत गेली असती तर ते कधी आणि कोणत्या वाटेने आले, हे कायमचे अंधारात राहिले असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत व्यक्तिगत माहितीच्या वापराच्या नोंदी ठेवणे, त्यांवर देखरेख करणे, त्यांचे परीक्षण करणे आणि त्या किमान एक वर्ष जपणे ही संस्थांची जबाबदारी असल्याचे स्पष्ट केले आहे. माहितीचा भंग झाल्यास संबंधित व्यक्तींना आणि मंडळाला विनाविलंब कळवायचे, तर सविस्तर अहवाल ७२ तासांत मंडळाकडे द्यायचा आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. संस्थांना तयारीसाठी अठरा महिने देण्यात आले असल्याने ही बंधने मे २०२७ पासून लागू होतात. हा कायदा बँकांप्रमाणेच डिजिटल स्वरूपात लोकांची माहिती बाळगणाऱ्या शाळा, दवाखाने, गृहनिर्माण संस्थांची ॲप आणि किराणा घरपोच देणाऱ्या कंपन्या यांनाही लागू आहे. त्यांपैकी ज्यांचा डेटाबेस क्लाऊडवर आहे, त्यांना वाचनाची वही चालू आहे की नाही हे त्यापूर्वीच तपासून पाहावे लागेल.